देवधरांचा महाराष्ट्र : दहा मोसमांची हकीकत

शारजा म्हटले की सचिन, हे आपल्या मुलांना पाठ असते. २२ एप्रिल १९९८ चे वादळ, त्या दिवशीच्या १४३ धावा, मग दोन दिवसांनी अंतिम सामन्यात वाढदिवसाच्या १३४. इथे जन्मलेल्या पोरांनासुद्धा हे आकडे पाढ्यांसारखे येतात. पण त्याच पोरांना, किंवा खरे तर त्यांच्या बापांनाही, विचारून पाहा की प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये भारतीय फलंदाजाची सर्वांत मोठी खेळी कोणाची. गावसकर, लक्ष्मण, सेहवाग अशी नावे येतील. कोल्हापूरच्या भाऊसाहेब निंबाळकरांचे नाव शंभरात एखादाच सांगेल. नाबाद ४४३, पुणे, डिसेंबर १९४८. आज पाऊणशे वर्षे उलटून गेली तरी कोणाही भारतीयाला तो आकडा गाठता आलेला नाही.

मंडळाच्या पुरवणीसाठी काही लिहा असा आग्रह झाला, तेव्हा फक्त त्या एका डावावर लिहावे असे मनात होते. पण वाचत गेलो तसे ध्यानात आले की ती खेळी म्हणजे एका मोठ्या गोष्टीचा शेवटचा अध्याय आहे. ती गोष्ट १९३९-४० ते १९४८-४९ या दहा मोसमांतल्या महाराष्ट्राच्या रणजी संघाची, आणि तिचा नायक आहे पुण्याच्या एस. पी. कॉलेजात संस्कृत शिकवणारा एक प्राध्यापक.

आधी एक खुलासा. रणजी करंडक सुरू झाला १९३४-३५ साली, आणि तेव्हापासून त्यात 'महाराष्ट्र' नावाचा संघ आहे. महाराष्ट्र राज्य जन्माला आले १ मे १९६०ला. म्हणजे राज्याच्या आधी सव्वीस वर्षे, नकाशावर जे नव्हते ते मैदानावर होते! मात्र या महाराष्ट्रात मुंबई नव्हती. मुंबईचा संघ वेगळा, आणि तो आजही वेगळाच आहे. 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र' झाला तो राजकारणात. क्रिकेटमध्ये तो कधीच झाला नाही. पुढे विदर्भाचाही वेगळा संघ उभा राहिला. त्यामुळे दुबईत मुंबईकर, पुणेकर आणि नागपूरकर एकत्र टीव्हीसमोर बसले तर रणजीच्या दिवसांत कोण कोणाचा हे ठरवता ठरवता चहा गार होतो. असो.

प्रा. दिनकर बळवंत देवधर यांचा जन्म १४ जानेवारी १८९२ चा, म्हणजे ऐन संक्रांतीचा. १९११ साली ते पहिला मोठा सामना खेळले. डिसेंबर १९२६ मध्ये आर्थर गिलिगनचा एमसीसी संघ आला, तेव्हा मुंबईत सी. के. नायडूंनी हिंदू संघाकडून १५३ धावा ठोकल्या, आणि थोड्याच दिवसांत अखिल भारतीय संघाकडून देवधरांनी १४८ काढल्या. भारताला कसोटीचा दर्जा मिळवून देण्यात या दोन डावांचा वाटा मोठा. पण पहिली कसोटी झाली १९३२ साली, आणि तोवर देवधर चाळीशीचे झाले होते. अधिकृत कसोटी त्यांच्या वाट्याला आली नाही. दुसरा कोणी असता तर आठवणी सांगत बसला असता. यांनी चाळिशीनंतर संघ बांधायला घेतला.

त्या वेळच्या पुण्याचे क्रिकेट म्हणजे मुख्यतः कॉलेजांचे आणि जिमखान्यांचे क्रिकेट. मुंबईत गिरण्या, बँका, व्यापारी पेढ्या आणि चौरंगी-पंचरंगी सामन्यांची जत्रा. पंचरंगीला हजारोंनी गर्दी लोटे. हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन आणि उरलेल्यांचा 'द रेस्ट' अशा धर्मवार संघांचे हे सामने. त्यापुढे रणजी म्हणजे शेजारच्या घरातले कार्य. पुण्याकडे पैसा नव्हता. शिकलेली मुले होती, सकाळ-संध्याकाळ मैदानावर राबायची सवय होती, आणि शिस्तीचा एक मास्तर होता. मास्तर हा शब्द मी मुद्दाम वापरतो. देवधरांबद्दल जे लिहिले-बोलले गेले आहे त्यात त्यांच्या फटक्यांपेक्षा त्यांच्या तंदुरुस्तीबद्दल, क्षेत्ररक्षणाच्या आग्रहाबद्दल जास्त येते. त्यांच्या मुलींनीही, तारा, सुमन आणि सुंदर देवधर यांनी, चाळीसच्या दशकात राष्ट्रीय बॅडमिंटन गाजवले. तेव्हा घरातली हवा कशी असेल याची कल्पना करावी.

१९३९-४० चा मोसम उजाडला तेव्हा युरोपात महायुद्ध पेटले होते. या मोसमात पुण्यात बडोद्याविरुद्ध विजय हजारे नाबाद ३१६ वर परतले. प्रथम श्रेणीत त्रिशतक करणारा हा पहिला भारतीय. हजारे मूळचे सांगलीचे, १९१५ सालचे, मराठी ख्रिस्ती कुटुंबातले, स्वभावाने मितभाषी. ऑस्ट्रेलियाच्या क्लॅरी ग्रिमेटकडून त्यांना धडे मिळाले होते. ग्रिमेट खरा फिरकी गोलंदाज, पण हजाऱ्यांच्या फलंदाजीला हात लावू नका असे त्याने बजावले होते म्हणतात. हजारे, श्रीरंग सोहोनी, चंदू सरवटे अशी तरुण मंडळी आणि त्यांच्यापेक्षा वीस-पंचवीस वर्षांनी मोठा कर्णधार, असा हा संघ. अंतिम सामना पुण्यातच झाला. संयुक्त प्रांताचा दहा गड्यांनी पराभव करून महाराष्ट्राने पहिल्यांदा रणजी करंडक घेतला.

पुढचा मोसम तर त्याहून बहारीचा. पुण्यात मुंबईशी गाठ पडली. महाराष्ट्राने ६७५ धावा केल्या, त्यांत देवधरांच्या २४६. वय वर्षे ४८! या वयात आपल्यापैकी बहुतेकांचे गुडघे ऑफिसच्या जिन्यावर कुरकुरायला लागतात. मुंबईने सोडले नाही. खंडू रांगणेकरांनी २०२ काढल्या, आणि धावफलक चढत चढत ६५० वर येऊन थांबला. सामना पहिल्या डावाच्या आघाडीवर निकाली निघाला, आणि ती आघाडी होती पंचवीस धावांची. १३२५ धावांच्या डोंगरावर पंचवीस धावांचा दगड! मुंबईविरुद्धच्या ज्या विजयाची पुण्याला आजही ऊब वाटते तो हा. त्यानंतर मद्रासला जाऊन अंतिम सामना सहा गड्यांनी जिंकला. लागोपाठ दोन वर्षे करंडक पुण्यात.

इथे मला थोडे थांबावेसे वाटते, कारण १९४१ साली कोणालाही वाटले असते की हा संघ आता दहा वर्षे राज्य करणार. झाले उलटेच. १९४०-४१ नंतर महाराष्ट्राने रणजी करंडक जिंकलेला नाही. १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ असे तीन वेळा संघ अंतिम सामन्यात पोचला. अनुक्रमे मुंबई, पंजाब आणि कर्नाटक यांच्याकडून हरला.

काय झाले? खेळाडू संपले असे नाही, ते गेले. ज्या बडोद्याविरुद्ध हजाऱ्यांनी त्रिशतक ठोकले त्याच बडोदा संस्थानाने त्यांना नोकरी दिली. सरवटे इंदूरला होळकरांकडे गेले. सोहोनींनीही पुढे बडोदा आणि मुंबईकडून क्रिकेट खेळले. रणजी खेळून तेव्हा पोट भरत नसे. संस्थानिकांकडे हुद्दा होता, पगार होता, राहायला जागा होती, आणि खेळायला मोकळा वेळ होता. पुण्याकडे द्यायला काय होते? कौतुक, आणि फार तर एखादी कारकुनी. इंदूरला तर साक्षात सी. के. नायडू कर्णधार. तिथे जाऊन खेळायला कोणाला आवडणार नाही?

याचा परिणाम आकड्यांत स्वच्छ दिसतो. १९४२-४३ ते १९४७-४८ या सहा मोसमांत रणजी करंडक दोनदा बडोद्याने आणि दोनदा होळकर संघाने नेला. गंमत पाहा, दोन्ही मराठी घराणी. मराठी माणूस मराठी राजाच्या चाकरीत गुजरातेत आणि माळव्यात जाऊन जिंकत होता, आणि 'महाराष्ट्र' नावाचा संघ पुण्यात बसून ते वाचत होता. मार्च १९४७ मध्ये याच दोन संघांच्या अंतिम सामन्यात हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागी केली. हजाऱ्यांच्या त्यात २८८, गुल महंमद यांच्या ३१९. काही महिन्यांनी फाळणी झाली. गुल महंमद पुढे पाकिस्तानकडूनही कसोटी खेळले.

घर सोडून गेलेल्यांना नावे ठेवणारा एक वर्ग पुण्यात तेव्हाही होता, आताही आहे. आखातात येऊन राहिलेल्या माणसाला तो चांगला ओळखीचा आहे. सुटीत गेलो की कोणीतरी विचारतेच, 'काय, किती वर्षे अजून तिकडे?' माझे मत विचाराल तर हजाऱ्यांनी केले ते बरोबर केले. ज्याला फलंदाजीशिवाय दुसरे काही नीट येत नाही, आणि फलंदाजीचे पैसे कोणी देत नाही, त्याने पगार देणाऱ्या दरबारी जायचे नाही तर काय करायचे? पण जो मागे राहिला त्याच्या बाजूने पाहिले की जरा गलबलते. दोन करंडक जिंकून दिलेल्या संघातून एकेक माणूस उठून जातो आहे, आणि पन्नाशी गाठलेला कर्णधार कॉलेजातून नवी मुले गोळा करतो आहे.

युद्धाच्या मधल्या वर्षांबद्दल फार सांगत नाही. एक मात्र सांगायलाच हवे. १९४३ च्या डिसेंबरात पंचरंगीच्या अंतिम सामन्यात विजय मर्चंटनी हिंदूंकडून नाबाद २५० केल्या. त्याला उत्तर म्हणून हजाऱ्यांनी 'द रेस्ट'कडून ३०९ काढल्या, संघाच्या एकूण धावा होत्या ३८७. मर्चंट आणि हजारे यांची ही जुगलबंदी तेव्हा देशभर गाजत होती. मर्चंटना प्रत्युत्तर द्यायचे होते, आणि ते त्यांनी थोड्याच दिवसांत दिले. ब्रेबोर्न स्टेडियमवर नाबाद ३५९. समोर संघ कोणता? महाराष्ट्र! मुंबईच्या त्या डावात ७३५ धावा झाल्या. भांडण दोन विजयांचे, आणि दिवसभर चेंडू आणायला धावली पुण्याची पोरे.

तरी देवधर हटले नाहीत. १९४४-४५ मध्ये नवानगरविरुद्ध त्यांनी एकाच सामन्यात १०५ आणि १४१ अशी दोन शतके केली. तेव्हा त्यांचे वय ५२ होते. पहिल्या महायुद्धाच्या आधी सुरू झालेली कारकीर्द दुसरे महायुद्ध संपल्यावर थांबली. असे जगात फार थोड्यांचे झाले असेल.

आता १९४८-४९. स्वातंत्र्य मिळाले होते, संस्थाने विलीन होत होती. काठियावाडातली संस्थाने १९४८च्या आरंभी सौराष्ट्र संघात सामील झाली होती, पण रणजीत 'काठियावाड' हे नाव अजून टिकून होते आणि कर्णधार होते राजकोटचे ठाकोरसाहेब. १६ डिसेंबरला पुणे क्लबच्या मैदानावर हा संघ २३८ धावांत बाद झाला. मग महाराष्ट्राची पाळी. कमल भांडारकर आणि निंबाळकर यांनी दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावा जोडल्या. दुसऱ्या गड्याचा हा जागतिक विक्रम १९७४ पर्यंत टिकला. तेव्हा वॉरिकशरच्या जेम्सन आणि कन्हाय यांनी नाबाद ४६५ करून तो मोडला. भांडारकर २०५ वर बाद झाले. पुण्यात पुढे त्यांनी शिक्षक म्हणून कितीतरी पोरे घडवली, ती त्यांची वेगळी कीर्ती. निंबाळकर खेळतच राहिले. ४९ चौकार, एक षटकार, ४९४ मिनिटे. तिसऱ्या दिवशी उपाहाराला धावफलक होता ४ बाद ८२६, आणि निंबाळकर नाबाद ४४३.

तेव्हाचा जागतिक विक्रम डॉन ब्रॅडमनचा होता, १९२९-३० सालचा नाबाद ४५२. बरोबरीला नऊ धावा हव्या होत्या, मोडायला दहा. उपाहारानंतर दोन-तीन षटकांचे काम.

ते झाले नाही. ठाकोरसाहेबांनी पुढे खेळायला नकार दिला, सामना सोडून दिला, आणि काठियावाडचा संघ सामान आवरून निघून गेला. आपल्या संघाविरुद्ध जागतिक विक्रम झाला तर नाव जाईल, ही भीती त्यामागे होती असे सांगतात. दोन-तीन षटके टाकली असती तर 'ज्यांच्याविरुद्ध विक्रम झाला' असा त्यांचा सभ्य उल्लेख झाला असता. आता ते 'पळून गेलेले' म्हणून पुस्तकांत आहेत. गादी जाते, संस्थान जाते, मिजास मात्र जायला वेळ लागतो.

ब्रॅडमनने नंतर निंबाळकरांना चिठ्ठी पाठवून तुमची खेळी माझ्यापेक्षा सरस होती असे कळवल्याचे सांगितले जाते. जानेवारी १९५९ मध्ये पाकिस्तानच्या हनीफ महंमदने ४९९ करून ब्रॅडमनला मागे टाकले, १९९४ मध्ये ब्रायन लाराने नाबाद ५०१ केल्या. त्यामुळे ते दहा धावांचे दुःख एरवीही दहा वर्षेच टिकले असते, असे कोणी म्हणेल. मला हा हिशोब पटत नाही. दहा वर्षे जगातला पहिला असणे ही काही लहान गोष्ट नव्हे, विशेषतः ज्याला एकही अधिकृत कसोटी खेळायला मिळाली नाही त्याच्यासाठी. कॉमनवेल्थ संघाविरुद्धचा एक अनधिकृत सामना, एवढीच निंबाळकरांची भारतीय टोपी. प्रथम श्रेणीतली त्यांची सरासरी जवळजवळ ४८ ची होती. निवड समितीच्या डोक्यात त्या काळी मुंबई, बडोदा आणि इंदूर ही तीन गावे जरा जास्त ठळक होती, हे म्हणायला मी कचरत नाही.

त्याच मोसमात मार्च १९४९ मध्ये उपान्त्य सामना पुण्यात मुंबईशी झाला, आणि तो सामना म्हणजे एक अजब प्रकार होता. निकाल लागेपर्यंत खेळायचे. मुंबई ६५१, त्यात माधव मंत्री २००, उदय मर्चंट १४३, दत्तू फडकर १३१. महाराष्ट्र ४०७, त्यात दातार १४३, मधू रेगे १३३. एवढी आघाडी हाती असताना मुंबईने दुसऱ्या डावात आणखी ८ बाद ७१४ केल्या, मर्चंट आणि फडकर यांची पुन्हा शतके, १५६ आणि १६०. महाराष्ट्रासमोर लक्ष्य ठेवले ९५९! छापखान्याची चूक नाही, नऊशे एकोणसाठच.

इथे दुसऱ्या कोणत्याही संघाने दोन दिवसांत हात टेकले असते. महाराष्ट्राने ६०४ धावा केल्या. रेग्यांचे सामन्यातले दुसरे शतक, बरोबर १००, आणि १४६ धावा शरद देवधरांच्या. होय, प्राध्यापकांचेच चिरंजीव. सामना ३५४ धावांनी गेला. पण एका सामन्यात २३७६ धावा आणि नऊ शतके, हे जगात दुसरीकडे कुठे झालेले नाही. चौथ्या डावात सहाशेच्या वर धावा तोवर एकदाच झाल्या होत्या, दहा दिवस चाललेल्या डर्बनच्या कसोटीत इंग्लंडच्या, आणि तिथे तर बोट चुकेल म्हणून इंग्लंडने सामना अर्धवट सोडला होता. माझे एक मामा हा सामना पाहायला शेवटच्या दोन दिवशी गेले होते. हरणार हे सगळ्या मैदानाला माहीत होते, असे ते सांगत, 'पण उठून कोण जाणार रे? आपली मुले खेळत होती.' शतकवीरांत निंबाळकर नव्हते, हेही सांगून टाकतो.

कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई इलाख्यात विलीन झाले, बडोदा १ मे १९४९ ला. राजेरजवाड्यांच्या पदरी राहून क्रिकेट खेळायचा जमाना सरत आला. निंबाळकर पुढे होळकर संघाकडून आणि त्यानंतर रेल्वेकडून खेळले. म्हणजे पुण्याच्या मैदानावरचा शेवटचा मोठा फलंदाजही बाहेरगावी गेलाच. १९५२-५३ चा करंडक होळकर संघाने जिंकला. हजारे भारताचे कर्णधार झाले, आणि १९५२ साली मद्रासला भारताने पहिला कसोटी विजय मिळवला तो त्यांच्याच नेतृत्वाखाली.

या माणसांची नावे पुढे स्पर्धांना दिली गेली. देवधर करंडक १९७३-७४ पासून, विजय हजारे करंडक त्यानंतर. आपल्या इथल्या मुलांनी ऋतुराज गायकवाडला २०२१ साली दुबईच्या मैदानावर आयपीएल जिंकताना पाहिले. त्या मोसमात सर्वाधिक ६३५ धावा त्याच्याच होत्या. पुण्याचा हा मुलगा महाराष्ट्राकडूनच खेळतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये एकाच षटकात सात षटकार मारून त्याने नाबाद २२० केल्या, तो सामना विजय हजारे करंडकाचा होता. ऋतुराजला मात्र बडोद्याला जावे लागले नाही. आता चेन्नईचे लोकच त्याला पैसे देतात, आणि तो परत येऊन महाराष्ट्राकडून खेळतो. देवधरांना ही व्यवस्था आवडली असती का? टी-ट्वेंटी आवडले नसते याची खात्री आहे; पगाराचे बहुधा आवडले असते.

प्राध्यापक देवधर निवड समितीवर राहिले, महाराष्ट्राच्या क्रिकेट संघटनेचे अध्यक्ष झाले, १९९१ साली पद्मविभूषण मिळाले आणि १९९२ च्या संक्रांतीला त्यांनी शंभरी पूर्ण केली. २४ ऑगस्ट १९९३ ला ते वारले. भाऊसाहेब निंबाळकर अखेरपर्यंत कोल्हापुरात राहिले. ११ डिसेंबर २०१२ ला त्यांचे निधन झाले; दुसऱ्याच दिवशी त्यांना ९३ वर्षे पूर्ण झाली असती.